अमरावतीचा ऑर्गन आणि आमचे शनिवार

शनिवारी नानांची शाळा सकाळची असे. ती सुटली की ते घरी न येता परस्पर अकोल्याच्या बसस्टँडवर जात, आणि मी कॉलेजातून घरी येऊन, आईनं भरून ठेवलेला डबा पिशवीत टाकून त्यांना तिथं गाठत असे. अमरावतीची बस लागलेली असली तर नाना खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरत. नसली तर आम्ही दोघं बापलेक सिमेंटच्या बाकावर फारसं न बोलता बसून राहायचो. बस बोरगाव ओलांडून मूर्तिजापूरकडे लागली की मी डोळे मिटायची. झोप लागायची नाही, पण मिटलेल्या डोळ्यांशी कुणी बोलत नाही, एवढा फायदा होता. उन्हाळ्यात खिडकी उघडली तर भाजणारी हवा तोंडावर यायची, लावली तर आत उकडायचं. माझ्या तरुणपणाविषयी लिहायला बसले की मला आधी तो थकवा आठवतो आणि मग बाकीचं सगळं. आता तो रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. माझी भाची कारनं येते आणि उतरल्या उतरल्या म्हणते, मावशी, काय कंटाळवाणा प्रवास आहे गं. मी तिच्यापुढे पाणी ठेवते.

आमचं अकोल्याचं घर दोन खोल्यांचं, मागं न्हाणी, पुढं ओटा. पुढच्या खोलीची अर्धी जागा एका ऑर्गननं अडवलेली होती. ऑर्गन म्हणजे नाटकातला, पायानं भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचा. पेटीचाच थोरला भाऊ. नाना तरुणपणी एका संगीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत. कंपनी गावोगाव फिरत अकोल्याला आली आणि इथंच मोडली. नट आपापल्या गावी गेले, नानांना जायला विशेष गाव नव्हतं. ते राहिले, शाळेत संगीतशिक्षक झाले, लग्न केलं आणि कंपनीचा तो ऑर्गन त्यांच्याबरोबर राहिला. पहाटे जाग यायची ती त्याच्या भात्याच्या आवाजानं. सुरांच्या आधी पायाखालच्या दोन पावट्यांची कुरकुर, खाली-वर, खाली-वर, मग सूर. तिकडे स्वयंपाकघरात आईचा खलबत्ता चालू असायचा. नाना विलंबित वाजवत असले तरी आई ठेचा आपल्याच लयीत कुटायची. त्यावरून त्यांचं कधी भांडण झालं नाही, पण दोघांनीही आपली लय सोडली नाही. नानांचे पाय जेवायला बसल्यावरसुद्धा थांबत नसत. मांडी घातलेली असायची आणि टाच हलत असायची. आई म्हणायची, "पोटात अन्न जाऊ द्या आधी, नाटक मंग करा."

अमरावतीशी संबंध आला तो वत्सलाआत्यामुळे. नानांची ही धाकटी बहीण लग्न होऊन अमरावतीत होती, आणि तिच्या घरामागच्या चर्चचे पाद्री साहेब तिच्याकडे चहाला येत. ते मूळचे आमच्याच बाजूचे, शेतकऱ्याच्या घरातले, बोलणं अस्सल वऱ्हाडी. त्यांच्याकडे रविवारच्या उपासनेला पेटी वाजवणारं माणूस उरलं नव्हतं. आत्यानं भावाचं नाव सुचवलं. नाना एका रविवारी गेले, दुसऱ्या रविवारी गेले, आणि मग जातच राहिले. अकोल्याला शेजारीपाजारी विचारायचे, नाना बाटले की काय. आई ओट्यावर तांदूळ निवडता निवडता सांगायची, "सूर लावाले जातात. बाटाले त्याहिले येळ कुटं हाये?"

त्या चर्चमध्ये वरच्या सज्जात एक मोठा पाइप ऑर्गन होता. इंग्रजांच्या काळात कापसाच्या व्यापारात बरकत आलेल्या कुणा साहेबानं तो विलायतेहून आणवून बसवला होता. भिंत झाकणारं लाकडी कपाट, त्यात उभ्या शेकडो नळ्या, काही शाईच्या दौतीएवढ्या, काही विजेच्या खांबाएवढ्या. साहेब गेले, वाजवणारे गेले, भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लं आणि नळ्यांमध्ये कबुतरांनी घरं केली. नाना वर्षानुवर्षं खाली एका लहान पेटीवर उपासना वाजवत आणि वाजवता वाजवता वर बघत. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायची तेव्हा मला वाटायचं की नाना देवाकडे बघतात.

मी अकरावीत असताना चर्चनं तो ऑर्गन दुरुस्त करायचं ठरवलं. मद्रासहून जोसेफ साहेब आले. उंच, सावळे, कमी बोलणारे. ते स्वतः चांगले वाजवणारे होते आणि दुरुस्तीही करत. तीन हिवाळे ते अमरावतीत राहिले. नळ्या एकेक उतरवून धुतल्या, भात्यांना नवं चामडं लावलं, हवेसाठी विजेची मोटर बसवली. मग स्वर लावायचं काम सुरू झालं आणि त्यात मी सापडले. ते आत, कपाटाच्या पोटात, शिडीवर उभे. बाहेर कुणीतरी बसून एकेक पट्टी दाबून धरायची. ते आतून म्हणायचे, "नेक्स्ट." मी पुढची पट्टी धरायची. शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची दुपार, मी नुसती एकेक पट्टी धरून बसलेली. एकच सूर, तो थरथरतो, डगमगतो, हळूहळू शांत होतो, आणि शांत झाला रे झाला की "नेक्स्ट." माझी मान अवघडायची, बोट बधिर व्हायचं. नाना खाली बाकावर बसून ऐकत, त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख असे की मला कंटाळा आला असं म्हणायची सोय नव्हती.

सगळा लावून झाला तेव्हा जोसेफ साहेबांनी आम्हा तिघांना, म्हणजे पाद्री साहेब, नाना आणि मला, खाली बसवलं आणि वर जाऊन वाजवायला सुरुवात केली. पहिला खोल सूर कानाला कळायच्या आधी बाकाला कळला. बसलेल्या जागी खालून थरथर आली. मग त्यावर बासरीसारखं काही, मग सनईसारखं, मग व्हायोलिनचा जथा, आणि शेवटी सगळं मिळून असं काही उठलं की मी नानांचा हात धरला. एका माणसाच्या दोन हातांनी आणि दोन पायांनी सबंध वाद्यवृंद वाजत होता. नाना रडत नव्हते. ते आ वासून बघत होते, जत्रेत पहिल्यांदा गेलेल्या मुलासारखे. जोसेफ साहेब उतरून आले आणि म्हणाले, "अब आप बैठिए, मास्टरजी."

नाना बसले. आणि तिथंच घोटाळा झाला. या ऑर्गनला भाता मारावा लागत नव्हता. हवा मोटर देत होती. पायाखाली होत्या त्या लांब लाकडी पट्ट्या, हाताच्या पट्ट्यांसारख्याच, पायानं वाजवायच्या, सर्वांत खालच्या सुरांच्या. नानांनी हात ठेवले, यमनचा आलाप सुरू केला, आणि त्यांचे पाय आपोआप चालू लागले. खाली-वर, खाली-वर. प्रत्येक पावलाला ऑर्गनच्या पोटातून एक भलताच सूर डरकाळी फोडून उठायचा. ते थांबले, हसले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. पाद्री साहेब हसले, मीही हसले. वत्सलाआत्या नंतर घरी ऐकून म्हणाली, "दादा, तुह्ये पाय अजून कंपनीतच हायेत काय?" त्या दिवशी नानाही खूप हसले. आम्हाला वाटलं, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

तो आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न नव्हता. सबंध हिवाळाभर नाना झटले. बूट घालून पाहिले, अनवाणी पाहिले. पाय बाकाच्या आडव्या दांडीवर टेकवून ठेवले, तर हात अडखळायला लागले. ज्या माणसाच्या पायांनी वयाच्या सोळाव्या वर्षापासून सुराला श्वास दिला, त्याला पाय थांबवून सूर काढता येईना. जोसेफ साहेब धीरानं शिकवत, टाच, चवडा, टाच, चवडा. एका रविवारी दुपारी नाना बाकावरून उतरले, पट्ट्यांवरचं झाकण ओढलं आणि मला म्हणाले, "कुसुम, तू बस."

"मी?"

"तुह्ये पाय कोरे हायेत. तू शिकशील."

मी बसले. हे किती साधं वाक्य आहे. त्या बसण्यानं माझी पुढची सगळी वर्षं ठरली आणि तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की बाक थंड आहे आणि नाना उभे आहेत.

जोसेफ साहेबांनी मला त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही हिवाळ्यात जे शिकवलं, त्यावर मी आजवर जगते आहे. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवली, जी नानांना येत नव्हती. मग ते मद्रासला परत गेले, जाताना स्वरलिपीच्या पुस्तकांची एक ट्रंक माझ्यासाठी ठेवून गेले. अकोल्याला सराव करायला पायपट्ट्या कुठून आणणार? नानांनी पुढच्या खोलीच्या फरशीवर खडूनं त्या काढल्या, अगदी माप घेऊन. मी खुर्चीवर बसून फरशीवर पाय चालवायची आणि मनात सूर म्हणायची. आई रोज सकाळी फरशी पुसायची, नाना रोज संध्याकाळी पुन्हा काढायचे. बी.एस्सी.चा अभ्यास, घरची कामं, संध्याकाळी खडूच्या पट्ट्यांवर मुकी कवायत, शनिवारी बस, रात्री आत्याकडे, रविवारी सकाळी उपासना, दुपारी सराव, संध्याकाळी परतीची बस. सोमवारी कॉलेजात मी बाकावर डोकं टेकून झोपायची. मैत्रिणी सिनेमाला जायच्या, शेगावला जायच्या, कुणाच्या शेतावर हुरड्याला जायच्या. हे सगळं शनिवार-रविवारी व्हायचं. पहिल्यांदा त्या मला विचारायच्या. मग त्यांनी विचारणं सोडलं.

नाना मात्र एकही शनिवार चुकवत नसत. ते स्वतः त्या ऑर्गनला पुन्हा कधी शिवले नाहीत. पूर्वी खालच्या लहान पेटीवर वाजायची ती उपासनाही आता मीच वरून वाजवायची. नाना मधल्या बाकांपैकी एकावर ताठ बसून सगळं ऐकत. वाजवून खाली उतरले की म्हणत, "त्या दुसऱ्या भागात हवा कमी पडल्यावानी वाटली." हवा मोटरची होती, कमी पडायचा प्रश्न नव्हता. पण मी मान हलवायची.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी पाद्री साहेबांनी ठरवलं की दुरुस्त झालेला ऑर्गन आता गावाला ऐकवायचा. नुसती उपासना नाही, मोठा जाहीर कार्यक्रम. कॉलेजचे प्राध्यापक, वकील, डॉक्टर, गाणं शिकणारी मुलं, सगळ्यांना बोलवायचं. काय काय वाजवायचं त्याची बैठक आत्याच्या घरी झाली. जर्मनीतल्या एका जुन्या संगीतकाराची फ्यूग मी घेतली होती. यात एकच चाल चार आवाज एकामागून एक म्हणतात, एकाच घरातल्या चौघांनी एकच तक्रार करावी तशी. एक संथ इंग्रजी रचना होती. शेवटी एका फ्रेंच संगीतकाराची प्रचंड धावती रचना, जिच्यात उजवा हात क्षणभर थांबत नाही आणि खाली पाय चालीचे मोठे मोठे सूर टाकत जातात. मध्ये सगळ्यांनी म्हणायचं एक मराठी उपासनागीत. इथवर सगळे खूश होते. मग नाना म्हणाले, "आन यमन. आन एक नाट्यपद."

चर्चच्या पंचांपैकी एक वयस्कर गृहस्थ चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "यमन ठीक हाये. पन नाटकाचं पद चर्चमधी कसं चालन?"

पाद्री साहेब म्हणाले, "शब्द तर कोनी म्हनून नाई राह्यलं. नुसती चाल हाये. आन नाना एवढ्या वर्षांपासून आपली उपासना वाजवून राह्यले, तवा कोनी विचारलं काय, का तुमी नाटकवाले, तुमी इथं काहून?"

त्या गृहस्थांनी बशी पुन्हा उचलली. मी म्हटलं, "पण नाट्यपद नाना वाजवतील ना? ते मी कसं वाजवू?"

"तूच वाजव," नाना म्हणाले, आणि विषय संपल्यासारखे खिडकीबाहेर बघायला लागले.

कार्यक्रम चैत्रातल्या रविवारी संध्याकाळी ठरला. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही की जोसेफ साहेबांनी ऑर्गन लावला होता तो हिवाळ्यात. आमच्याकडच्या चैत्रात छपराखालचा तो सज्जा दुपारी भट्टी होतो. साध्या नळ्यांमधली हवा तापली की त्यांचा सूर चढतो. पण ज्या नळ्यांच्या आत पितळी जीभ असते, तुतारी आणि सनईसारख्या आवाजाच्या, त्या होत्या तिथंच राहतात. दोन्ही एकदम वाजवल्या तर असं वाटतं की घरात दोन माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या पट्टीत रडताहेत. कार्यक्रमाच्या दुपारी मी बसून पाहिलं, तर तेच झालं होतं. जोसेफ साहेब मद्रासला आजारी होते. विचारायला कुणी नव्हतं. परीक्षा तोंडावर आलेली, आदल्या आठवड्यात मी धड झोपले नव्हते. मी सगळ्या जिभेच्या नळ्या बंद ठेवायचं ठरवलं. म्हणजे फ्रेंच रचनेतली तुतारी गेली, नाट्यपदातली सनई गेली. प्रत्येक तुकड्याला नवे आवाज शोधायचे होते आणि लोक यायला लागले होते.

त्या संध्याकाळी लाइट गेली नाही. ज्याची सगळ्यांना धास्ती होती, ते झालंच नाही. चर्च भरलं, बाहेरच्या पायऱ्यांवर लोक उभे राहिले. माझ्या पाठीमागं सगळा समुदाय आणि समोर लाकूड. फ्यूग नीट झाली. लोकांना ती कळली असं वाटलं नाही, पण ते शांत बसले. संथ रचनेच्या वेळी लहान मुलांची चुळबुळ सुरू झाली. घामानं पट्ट्या निसरड्या झाल्या होत्या आणि मी सुरांच्या मधल्या फटीत साडीच्या पदराला बोटं पुसत होते. उपासनागीताला सगळे उभे राहून गायले. यमन मी नानांच्या बोटांनी वाजवला, म्हणजे त्यांना लहानपणापासून ऐकलं तसा. पायांनी खाली षड्ज-पंचम धरून ठेवले आणि वर आलाप. ऑर्गनवर मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. त्यामुळे तो यमन थोडा इस्त्री केलेला वाटतो, तरी खालचा तो षड्ज असा होता की भिंती त्याला धरून उभ्या आहेत असं वाटावं.

मग नाट्यपद. पहिल्या ओळीला मागून एक लहर आली. बाक करकरले, कुणी हुंकार दिला, कुणी मांडीवर ताल धरला. संपलं तेव्हा मागच्या बाकांवरून एक म्हातारा आवाज आला, "वन्स मोअर." चर्चमध्ये कुणी वन्स मोअर देतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. सगळे हसले, पाद्री साहेबही. मग दुसरा आवाज, "नाना, तुमी बसा आता." मग अनेक आवाज. अमरावतीत नानांना कंपनीच्या काळापासून ऐकलेली माणसं होती, आणि ती सगळी आज आली होती. सज्जाच्या जिन्यावर पावलं वाजली. नाना वर आले. मी बाकावरून सरकले. वाटलं, आता बसतील. हात तर त्यांचेच आहेत, पाय मी धरून ठेवेन. ते माझ्याजवळ आले, लाकडावर हात ठेवला, वाकले आणि मला ऐकू येईल एवढंच म्हणाले, "तूच वाजव, बेटा. माह्यानं होत नाई."

त्यांच्या आवाजात कसलंच नाटक नव्हतं. मी पुन्हा वाजवलं. नाना जिन्याजवळ भिंतीला टेकून उभे राहिले. त्यानंतर ती फ्रेंच रचना. निम्म्यावर माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला. पाय उचलवेना. दोन मोठे सूर चुकले, एक तर मी वाजवलाच नाही. उजव्या हातानं धावत राहिले आणि डाव्या पायावर जमेल तेवढं ढकलत शेवट गाठला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना चुकलेलं काहीच कळलं नव्हतं. नानांनाही कळलं नव्हतं, ती लिपी त्यांना येत नव्हती. ज्यांना कळलं असतं ते एकटे जोसेफ साहेब मद्रासला अंथरुणाला खिळले होते. मी बाकावर बसून राहिले. माझ्या मनात आनंद, दुःख, काहीच नव्हतं. मला फक्त आडवं व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही अकोल्याला निघालो. नानांची शाळा सोमवारी दुपारची करून घेतलेली. बडनेरा मागं पडल्यावर नाना म्हणाले, "पाद्री साहेब म्हनून राह्यले, दिवाळीनंतर पुन्हा एक ठेवू. थंडीत सूर बी बरोबर राहतीन." मी डोळे मिटून घेतले. मूर्तिजापूरला बस थांबली. नाना उतरून दोन चहा घेऊन आले आणि खिडकीतून माझा ग्लास वर दिला. ते खाली उभे, मी खिडकीत. कदाचित त्यामुळेच बोलता आलं. समोरासमोर बसून मी ते बोलले नसते.

"नाना, मी येत नाही आता."

"कुटं?"

"अमरावतीला. शनिवारचं."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "काहून?"

"थकले मी."

कंडक्टर चहा पिऊन दारातून चढत होता. नानांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "मले वाटे, तुले आवडते."

"मला वाटायचं, तुम्हाला आवडतं."

"मले पयले आवडे," ते म्हणाले. "पाय नाई जमले, त्या दिवसापासून माह्यं मन उडालं. पन तू बसली होती ना त्याच्यावर. म्हनलं, पोरगी शिकून राह्यली, आपुन मधीच कसं सोडावं? म्हनून येत राह्यलो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू तरी कधी सांगतलं?"

बस सुरू झाली. नाना ग्लास परत करून धावत चढले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं होतं मी रडेन, किंवा ते रागावतील. झालं असं की बोरगाव यायच्या आत आम्ही दोघंही झोपलो. खरीखुरी झोप, मान लटकवून. अकोला आल्यावर कंडक्टरनं आम्हाला हलवून उठवलं.

आईला सांगितलं तेव्हा ती आंबाडीची भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मले विचारलं असतं तर मीच सांगतलं असतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"इतकी वर्सं तुमचा डबा भरून राह्यली मी. जाताना याहिचं तोंड पाहत होती, येताना तुह्यं. आनखी काय मालूम कराले पाह्यजे?" मग थोड्या वेळानं, देठ बाजूला टाकत, "शनवारी कढी-गोळे करतो. गरम गरम खाऊन पाहा एकदा. डब्यात त्याचा चिखल होते."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं दुपारी जेवलो आणि नाना जेवून आडवे झाले. ते शनिवारी दुपारी घरी झोपलेत हे दृश्य इतकं नवं होतं की आई दोनदा दारात येऊन बघून गेली. असे शनिवार पुष्कळ गेले. मी परीक्षा दिली, बी.एड. केलं. मैत्रिणींची तोवर लग्नं होऊन त्या पांगल्या होत्या, त्यामुळे हुरडा काही पदरात पडला नाही. पाद्री साहेबांना वाईट वाटलं, पण त्यांनी आग्रह केला नाही. रविवारच्या उपासनेला त्यांच्याकडे पुन्हा खालची लहान पेटी आली, आणि कुणी एक नर्सबाई जमेल तशी वाजवू लागल्या. वर ऑर्गनवर झाकण.

मला पुन्हा त्याच्यापाशी कुणी नेलं नाही, हे इथं लिहून ठेवायला हवं, कारण नंतर लोकांनी वेगवेगळ्या कथा केल्या. अमरावतीच्या एका शाळेत मला विज्ञानाच्या शिक्षिकेची नोकरी लागली. आत्याकडे राहायला आले. कित्येक महिने मी चर्चवरून येत-जात होते आणि आत जायची इच्छा झाली नाही. मग एका थंडीतल्या संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, काही कारण नसताना पाद्री साहेबांकडे जाऊन किल्ली मागितली. त्यांनी विचारलं नाही कशाला. वर गेले, मोटर लावली, बाकावर बसले. काय वाजवायचं ते ठरलेलं नव्हतं. एक सूर धरला, सोडला. दुसरा धरला. पाय बरंच विसरले होते. खाली कुणी ऐकत नव्हतं आणि मला कुठली बस पकडायची नव्हती. अंधार पडायला लागला तसं माझ्या लक्षात आलं की मला भूक लागली आहे आणि मी थकलेली नाही.

तिथून मग रोज थोडं थोडं. जोसेफ साहेबांची ट्रंक मी अकोल्याहून मागवून घेतली. तीन-चार हिवाळ्यांनंतर मी पाद्री साहेबांना स्वतःहून म्हटलं, एक कार्यक्रम ठेवू, पौषात. नानांना मी बोलावलं नाही, कळवलं फक्त. ते निवृत्त झाले होते आणि आईच्या गुडघ्यांमुळे दोघं सहसा गाव सोडत नसत. तरी ते आले, एकटे, सकाळच्या बसनं, अंगात स्वेटर आणि डोक्याला मफलर. मी काय वाजवणार ते त्यांनी विचारलं नाही. दुपारी आत्याकडे जेवले, आत्याशी भांडले, संध्याकाळी माझ्या आधी चर्चमध्ये जाऊन बसले.

वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे असते म्हणून ऑर्गनवर एक लहान आरसा लावलेला असतो, उपासनेत पाद्री कुठवर आले ते दिसावं यासाठी. त्या संध्याकाळी मी जर्मन रचना वाजवली, एक संथ इंग्रजी, मग यमन, मग नाट्यपद. शेवटाला तीच फ्रेंच रचना ठेवली होती, या वेळी तुतारीसकट, कारण थंडीत सगळे सूर जागच्या जागी होते. सुरू करण्याआधी पान उलटताना सहज आरशात पाहिलं. मधल्या एका बाकावर, खांबाला डोकं टेकून, मफलर हनुवटीपर्यंत ओढून नाना गाढ झोपले होते. पाय पुढे सैल पसरलेले, अगदी स्थिर.

मी ते पान मिटलं. बासरीच्या आवाजाच्या नळ्यांची सगळ्यात हळू रांग तेवढी उघडली, आणि लोकांना माहीत नसलेला एक साधा संथ तुकडा, जोसेफ साहेबांनी अगदी पहिल्यांदा शिकवलेला, मुलांचा, जेवढ्या हळू वाजवता येईल तेवढ्या हळू वाजवून कार्यक्रम संपवला. टाळ्या वाजवायच्या आधी पाद्री साहेबांनी मागं वळून नानांकडे पाहिलं, आणि लोकांना हातानं खूण केली की हळू.